आद्यांत्रातील पिशवी आणि पित्तनलिकेतील खडे : एका संशयाचा इतिहास

१७१० साली पॅरिसच्या राजेशाही विज्ञान अकादमीच्या इतिवृत्तात शोमेल या फ्रेंच वैद्याची एक छोटी नोंद आली. एका मृतदेहाच्या आतड्याला बाजूने फुटलेली एक पिशवी त्याला आढळली होती आणि त्या पिशवीत २२ खडे होते. आद्यांत्रातील पिशवीची वैद्यकीय वाङ्मयातली पहिली नोंद म्हणून सहसा हीच सांगितली जाते. म्हणजे पिशवी पहिल्यांदा दिसली तेव्हाच तिच्यासोबत खडे होते. तरीही ‘या पिशवीचा आणि खड्यांचा काही संबंध आहे का’ हा प्रश्न आकडे हाताशी घेऊन नीट विचारायला १९८० चे दशक उजाडावे लागले. मधली पावणेतीनशे वर्षे काय झाले, हा या पाठाचा विषय आहे.

हा वैद्यकशास्त्राचा पाठ नाही, विज्ञानाच्या इतिहासाचा आहे. तरी थोडी शरीररचना डोळ्यांसमोर असल्याशिवाय पुढचे कळणार नाही, म्हणून तेवढी आधी पाहू.

यकृतात दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते. ते नलिकांमधून खाली येते, वाटेत पित्ताशय नावाच्या थैलीत साठते आणि घट्ट होते, आणि जेवणानंतर मुख्य पित्तनलिकेतून आतड्यात उतरते. जिथे ते उतरते तो लहान आतड्याचा पहिला भाग म्हणजे आद्यांत्र. काही पुस्तकांत त्याला ग्रहणी म्हटलेले दिसेल, आणि दवाखान्यात सरसकट ड्युओडेनम. अलेक्झांड्रियाच्या हीरोफिलसने या भागाची लांबी बारा बोटे रुंदीची मोजली आणि त्यावरून हे नाव पडले. या आद्यांत्राच्या दुसऱ्या भागात, आतल्या बाजूच्या भिंतीवर, एक लहानसा उंचवटा असतो. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका या दोन्ही तिथे येऊन उघडतात. तोंडाशी स्नायूंचे बारीक कडे असते. ते आवळलेले असले की पित्त थांबते, सैल झाले की वाहते. आपल्या कथेतली जवळजवळ प्रत्येक घटना या एका सेंटिमीटरच्या आसपास घडते.

आता पिशवी. आद्यांत्राची भिंत सगळीकडे सारखी मजबूत नसते. जिथून रक्तवाहिन्या आणि नलिका भिंत भेदून आत येतात तिथे स्नायूंचा थर विरळ असतो. वय वाढते तसे आतले अस्तर त्या विरळ जागेतून बाहेर फुगते आणि पिशवी होते. जुन्या सायकलच्या टायरला चीर पडली की ट्यूब जशी बाहेर डोकावते तसे. या पिशवीच्या भिंतीत स्नायू नसतात, म्हणून आत गेलेले अन्न बाहेर ढकलायला तिच्याकडे ताकद नसते. चाळिशीच्या आत ती क्वचित आढळते, म्हातारपणी बरीच. आणि बहुतेक पिशव्या होतात त्या नेमक्या पित्तनलिकेच्या तोंडाजवळ, दोन-तीन सेंटिमीटरांच्या आत. हा योगायोग नाही. नलिका जिथून भिंत भेदते तीच भिंतीची कमकुवत जागा.

या पिशवीला डायव्हर्टिक्युलम म्हणतात. लॅटिनमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ आडवाट. हमरस्ता सोडून बाजूला गेलेला फाटा. या शब्दाने पुढे बराच गोंधळ केला, तो असा. १७२० साली विटेनबर्ग येथे अब्राहम वाटर या शरीररचनाशास्त्रज्ञाने एक प्रबंध सादर केला. पित्तनलिकेच्या मुखाशी असलेल्या ‘पित्ताच्या नव्या डायव्हर्टिक्युलम’चे वर्णन त्यात होते. शीर्षक वाचून आजचा विद्यार्थी समजेल की वाटरने आपली पिशवी शोधली. तसे नाही. दोन नलिका जिथे एकत्र येतात तिथला फुगीर भाग तो सांगत होता. आज आपण त्यालाच वाटरचे नाव देतो आणि उंचवट्यालाही त्याचेच नाव चालते. शोमेलची पिशवी आतड्याची, वाटरची नलिकेची. दहा वर्षांच्या अंतराने एकाच ठिकाणच्या दोन वेगळ्या गोष्टींवर लिहिले गेले, आणि जुने संदर्भ चाळताना आजही लोक त्यांची गल्लत करतात. तुम्ही करू नका.

शोमेलच्या नोंदीकडे आणखी एकदा पाहा. खडे पिशवीत होते, नलिकेत नव्हे. ते नलिकेतून घरंगळत पिशवीत साचले? की पिशवीतच तयार झाले? की मोठ्या खड्यांनी रेटून रेटून भिंतीला पिशवी पाडली? एका मृतदेहावरून यातले काहीच ठरत नाही. खडे आधी की पिशवी आधी, ही कोंबडी-अंड्यासारखी शंका त्या पहिल्या नोंदीतच दडलेली होती.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात पिशव्या सापडत राहिल्या, पण फक्त शवविच्छेदनात आणि तेही अधूनमधून. याला एक साधे कारण आहे. विच्छेदन करणारा आतडे बाहेरून पाहतो, उघडतो, धुतो. आद्यांत्रातली पिशवी मागच्या बाजूला, स्वादुपिंडात रुतलेली असते. रिकामी असली तर ती कोलमडून पडते आणि दिसतच नाही. ज्याला ती शोधायची नाही त्याला ती सापडत नाही. १९४३ मध्ये अकरमन यांनी मृतदेहांतील आद्यांत्रात साचा ओतून आतल्या पोकळीचा ठसाच घेतला, तेव्हा सुमारे २२ टक्के देहांत पिशव्या निघाल्या. बेरियम पाजून काढलेल्या क्ष-किरण चित्रांत हेच प्रमाण एक ते सहा टक्क्यांच्या घरात असते. माणसे तीच, आतडी तीच. बदलली ती पाहण्याची रीत. हे दोन आकडे लक्षात ठेवा. पुढे आपल्याला त्यांची गरज पडणार आहे.

दरम्यान खड्यांची कथा वेगळ्याच वाटेने चालली होती. १५ जुलै १८८२ रोजी बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख याने पहिल्यांदा माणसाचे पित्ताशय संपूर्ण काढून टाकले. त्याआधी शल्यविशारद पित्ताशय उघडून खडे काढत आणि थैली जागच्या जागी ठेवत. लांगेनबुखचे म्हणणे असे की थैलीत खडे आहेत म्हणून नव्हे, तर थैली खडे तयार करते म्हणून ती काढायची. युक्तिवाद बिनतोड वाटतो आणि त्याची शस्त्रक्रिया आज जगभर रोज होते. पण त्या युक्तिवादात एक भाकीत दडलेले होते : कारखानाच काढला तर माल पुन्हा निघता कामा नये.

माल निघाला. पित्ताशय काढलेल्या काही रोग्यांना काही वर्षांनी पुन्हा कावीळ, थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीखाली कळ. मुख्य पित्तनलिकेत खडे. बहुतेक वेळा हे खडे शस्त्रक्रियेच्या वेळीच नलिकेत उतरून राहिलेले, नजरेतून सुटलेले असत, आणि तसे मानणे सोयीचेही होते. दोष शल्यविशारदाच्या नजरेवर गेला की सिद्धान्त शाबूत राहतो. स्वित्झर्लंडमधील बाझेलचे कूर्व्हॉयझिए यांच्यासारख्यांनी १८९० च्या सुमारास नलिका उघडून खडे काढण्याचे तंत्र बसवले आणि मग कित्येक दशके ‘नलिका नीट तपासली का’ हाच मुख्य प्रश्न होऊन बसला.

इथे माझ्या घरातली एक आठवण सांगतो, कारण या विषयाकडे मी त्या वाटेने आलो. आमच्या एका मावशीचे पित्ताशय काढले होते. तीन-साडेतीन वर्षांनी तिला पुन्हा कावीळ झाली. घरात सगळ्यांचे एकमत झाले की पहिल्या डॉक्टरने खडा मागे ठेवला. बरेच कडू बोलले गेले. दुसऱ्या ठिकाणी दुर्बिणीने खडे काढले, आणि त्या अहवालात खाली एक ओळ होती : पित्तनलिकेच्या मुखाशेजारी मोठी पिशवी आहे. ती ओळ कोणी वाचली नाही. मीसुद्धा फाईल नीट लावताना पुष्कळ दिवसांनी वाचली. निघालेले खडे मऊ होते, तपकिरी, चिमटीत चुरा होणारे, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितल्याचे मात्र मावशीला पक्के आठवत होते. आणि तो मऊपणा हाच खरा पुरावा होता.

त्याचे कारण असे. पित्ताशयात होणारे खडे बहुधा कोलेस्टेरॉलचे असतात; टणक, पिवळसर. नलिकेतच जन्मलेले खडे वेगळे असतात : तपकिरी, मातकट, दाबले की फुटणारे. १९७७ मध्ये अमेरिकेत सहारिया, झुईडेमा आणि कॅमेरॉन यांनी नलिकेतच तयार झालेला, म्हणजे ‘प्राथमिक’ खडा कोणता म्हणायचा याच्या अटी मांडल्या. पित्ताशय आधी काढलेले असावे. त्यानंतर निदान दोन वर्षे रोग्याला काही त्रास नसावा. खडा मऊ, चुरडता येणारा, फिकट तपकिरी असावा. आणि नलिका आकुंचित झालेली नसावी किंवा पित्ताशयाच्या देठाचा लांब तुकडा मागे राहिलेला नसावा. एखाद्या पोलिसी तपासासारखी ही यादी आहे, नाही का? प्रत्येक अट एका संशयिताला सोडून देते. पहिल्या शस्त्रक्रियेत सुटलेला खडा दोन वर्षे सहसा गप्प बसत नाही आणि तो टणक असण्याची शक्यता जास्त. माझ्या मावशीचा पहिला डॉक्टर या यादीच्या आधारे बहुधा निर्दोष सुटला असता.

मग नलिकेत खडा होतो कसा? या प्रश्नाची दोन टोके एकमेकांपासून फार लांबच्या ठिकाणी हाती आली. पहिले टोक जर्मनीत. १८९२ मध्ये बर्नहार्ड नाउनिन यांनी पित्ताश्मांवरील ग्रंथात दोन गोष्टींवर बोट ठेवले : पित्त तुंबणे आणि त्यात जंतूंचा शिरकाव होणे. पुढे कोलेस्टेरॉलचे रसायन नीट कळल्यावर पित्ताशयातल्या खड्यांपुरते त्यांचे म्हणणे मागे पडले. नलिकेतल्या तपकिरी खड्यांच्या बाबतीत मात्र ते बरोबर निघाले, फक्त त्यासाठी सत्तरेक वर्षे थांबावे लागले.

दुसरे टोक जपानमध्ये. तिथे एके काळी तपकिरी खडे फार. सेंदाई येथील माकी यांनी १९६६ मध्ये त्यामागचे रसायन मांडले. पित्तातील पिवळे रंजकद्रव्य, बिलिरुबिन, यकृत एका शर्कराम्लाशी जोडून पाण्यात विरघळणारे करते, म्हणून ते सुखरूप वाहत जाते. आतड्यातले एश्चेरिशिया कोलाय हे जंतू बीटा-ग्लुकुरोनिडेझ नावाचे विकर तयार करतात. हे विकर ती जोडणी तोडते. सुटे झालेले बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही. ते कॅल्शियमला चिकटते, साका बसतो, आणि साक्याचा खडा होतो. म्हणजे खड्यासाठी हवे काय? आतड्यातले जंतू, जिथे त्यांनी असता कामा नये तिथे.

भारतात हे कुठे दिसते असे विचाराल, तर काश्मीर खोऱ्याकडे पाहा. श्रीनगरचे डॉ. मोहम्मद सुलतान खुरू आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की तिथे पोटातले मोठे जंत आतड्यातून वर चढून पित्तनलिकेत शिरतात आणि यकृत-स्वादुपिंडाच्या कितीतरी रोगांचे कारण होतात. जंत स्वतः अडथळा करतो, सोबत आतड्यातले जंतू नेतो, आणि मेला तर त्याच्याभोवती खडा जमतो. तुंबणे आणि संसर्ग, नाउनिनच्या दोन्ही अटी एकाच प्राण्याने पुऱ्या केल्या. जंत हा अर्थात टोकाचा मामला. पण जिथे जंत नाहीत, त्या नॉर्वेसारख्या थंड आणि स्वच्छ देशातल्या सत्तर वर्षांच्या माणसाच्या नलिकेत आतड्यातले जंतू नेतो कोण?

इथे आपली पिशवी पुन्हा कथेत येते. पण तिला जिवंत माणसात पाहता यायला हवे होते, म्हणून आधी थोडे यंत्रांविषयी.

१९१३ मध्ये अमेरिकेत जेम्स केस यांनी क्ष-किरणांनी जिवंत माणसाच्या आद्यांत्रातील पिशवी दाखवली. दोन वर्षांनी स्वीडनमध्ये फोर्सेल आणि की यांनी अशा प्रकारे आधी ओळखलेल्या पिशवीवर शस्त्रक्रिया केल्याचे प्रसिद्ध केले. पुढची वीस-पंचवीस वर्षे पिशवी ही हौशी क्ष-किरणतज्ज्ञांची आवडती शिकार होती. पोटातल्या कुठल्याही न कळणाऱ्या दुखण्याचे खापर तिच्यावर फोडले जाई, आणि मग तितक्याच जोरात उलटी प्रतिक्रिया येई की ती निरुपद्रवी आहे, योगायोगाने सापडली, सोडून द्या. मला विचाराल तर या ‘योगायोगाने सापडली’ शब्दांनी या विषयाचे जितके नुकसान केले तितके अतिउत्साहानेही केले नाही. गोष्टीला एकदा योगायोग म्हटले की तिची नोंद ठेवणे थांबते.

या गोंगाटात १९३४ मध्ये गेरहार्ड लेमेल यांचा जर्मन लेख आला. खडा नाही, गाठ नाही, तरी कावीळ आहे. कारण मुखाशेजारची पिशवी भरून फुगते आणि नलिकेला बाहेरून दाबते, असे त्यांनी मांडले. आज याला लेमेलचे नाव आहे आणि तो प्रकार दुर्मीळ मानला जातो. पण लेमेल यांनी केलेली खरी गोष्ट वेगळी होती. त्यांनी पिशवी कुठे आहे याकडे लक्ष वेधले. आद्यांत्रातली कुठलीही पिशवी नव्हे. मुखाला खेटून असलेली पिशवी.

मुखाशी असलेल्या स्नायूंच्या कड्याचा इतिहास यात ओवला पाहिजे. ग्लिसनने १६५४ मध्येच अशा तंतूंचा उल्लेख केला होता, पण नाव लागले ते रुग्गेरो ओद्दीचे. १८८७ मध्ये पेरूजा येथे तो अजून वैद्यकाचा विद्यार्थी होता, वय २३, तुमच्याहून फार मोठे नाही, तेव्हा त्याने या कड्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याची ताकदही मोजली. पुढे त्याचे आयुष्य भरकटले. जिनोव्हा विद्यापीठातले पद गेले, तो आफ्रिकेत गेला, आणि १९१३ मध्ये ट्युनिस येथे वारला. कड्याचे नाव मात्र राहिले. ओद्दीनंतर मुख हे नुसते भोक उरले नाही. ते दाब सांभाळणारे दार ठरले. दार म्हटले की ते सैल पडू शकते, वाकडे होऊ शकते, हा विचारही मागोमाग येतो.

तरीही क्ष-किरणांची अडचण कायम होती. बेरियमच्या चित्रात पिशवी दिसते, पण मुख दिसत नाही. पिशवी मुखापासून किती दूर आहे हे अंदाजाने सांगावे लागे. दुर्बीण आली तरी समोर पाहणारी दुर्बीण आद्यांत्रात घातली तर मुख बाजूच्या भिंतीवर राहते. बोगद्यातून सरळ जाणाऱ्या माणसाला भिंतीवरचे दार तिरके दिसावे तसे. १९६८ मध्ये वॉशिंग्टनच्या मॅक्यून आणि सहकाऱ्यांनी दुर्बिणीतून त्या मुखात पहिल्यांदा नळी सरकवली. पाठोपाठ जपानमध्ये ओई, ताकागी, कासुगाई यांनी बाजूला पाहणाऱ्या दुर्बिणी वापरून हे तंत्र रोजच्या वापराचे केले. १९७४ मध्ये जपानमधील कावाई आणि जर्मनीतील क्लासेन व डेमलिंग यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, दुर्बिणीतूनच ते स्नायूंचे कडे कापून खडे बाहेर काढल्याचे प्रसिद्ध केले. ईआरसीपी या नावाने तुम्ही ऐकता ती तपासणी ती हीच.

या तपासणीने एक अनपेक्षित गोष्ट झाली. डॉक्टर आता प्रत्येक रोग्याच्या मुखाकडे समोरासमोर, डोळ्याने पाहू लागले. शेजारी पिशवी असेल तर ती दिसायचीच, कारण ती नळी घालण्यात अडथळा करायची. कधी मुख पिशवीच्या काठावर, तर कधी पार तिच्या पोटात. (२००६ मध्ये बॉइश आणि सहकाऱ्यांनी याच मांडणीवरून तीन प्रकार केले : मुख पिशवीच्या आत, काठावर, जवळपास.) आणि त्याच बैठकीत नलिकेचे चित्रही निघायचे. पिशवी आहे का, खडे आहेत का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच माणसात, एकाच वेळी, कागदावर उतरू लागली. शोमेलच्या टेबलावर जे योगायोगाने घडले ते आता रोज सकाळी घडत होते.

ओस्लोमध्ये ओस्नेस, लोटव्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कागदांचे सोने केले. १९८१ मध्ये त्यांनी पिशव्यांचे वय, लिंग आणि खडे यांच्याशी असलेले नाते मांडले. १९८२ मध्ये पुन्हा पुन्हा होणाऱ्या खड्यांमागे पिशवी हे पूरक कारण आहे, असे सांगणारा निबंध आला. १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये केनेडी आणि थॉम्प्सन यांनी प्रश्नच शीर्षकात घेतला : आद्यांत्रातील पिशव्यांचा नलिकेतील खड्यांशी संबंध आहे का? तेव्हापासून वेगवेगळ्या देशांतून आलेल्या अभ्यासांचा कल साधारण एकाच दिशेचा आहे. मुखाशेजारी पिशवी असलेल्यांत नलिकेतले खडे जास्त आढळतात. पित्ताशयातल्या खड्यांशी मात्र हे नाते इतके ठळक दिसत नाही.

आता खरी कसोटी. तुमच्यातला कोणी हात वर करून म्हणेल : सर, पिशव्या म्हाताऱ्यांना होतात, खडेही म्हाताऱ्यांना होतात, मग यात विशेष काय? हा आक्षेप फार चांगला आहे आणि तो कागदावर सोडवून पाहण्यासारखा आहे. मी काल्पनिक आकडे घेतो. २०० तरुण घ्या. त्यांतल्या १० जणांना पिशवी आहे आणि पिशवी असो वा नसो, १० टक्क्यांना खडे आहेत. म्हणजे पिशवीवाल्यांत १, बाकीच्यांत १९. आता २०० वृद्ध घ्या. ८० जणांना पिशवी, आणि पिशवी असो वा नसो, ४० टक्क्यांना खडे. पिशवीवाल्यांत ३२, बाकीच्यांत ४८. दोन्ही गट एकत्र करा. पिशवीवाले ९०, त्यांत खडे ३३ जणांना, म्हणजे सुमारे ३७ टक्के. बिनपिशवीचे ३१०, त्यांत खडे ६७ जणांना, म्हणजे सुमारे २२ टक्के. पाहिलेत? दोन्ही गटांत पिशवीने काडीचाही फरक पडत नव्हता, पण बेरीज केली आणि नाते उगवले. ते नाते वयाचे आहे, पिशवीने फक्त त्याचा मुखवटा घातला. म्हणूनच ओस्लोच्या निबंधाच्या शीर्षकात ‘वय’ हा शब्द आहे, आणि म्हणूनच पुढच्या चांगल्या अभ्यासांत वयाला वय जुळवून तुलना केलेली असते. तशी तुलना केल्यावर नाते कमी होते असा अनुभव आहे. नाहीसे मात्र सहसा होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक चिवट आहे. ईआरसीपी कोणाची होते? रस्त्यावरच्या धडधाकट माणसाची नाही. ज्याला कावीळ आहे, ज्याच्या नलिकेत खडा असल्याचा संशय आहे, त्याचीच. मग या गाळलेल्या लोकांतून काढलेले नाते सगळ्या जगाला लावता येईल का? रुग्णालयातल्या नोंदींवरून दोन गोष्टींचे नाते काढताना कशी फसगत होते हे अमेरिकेच्या जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्येच गणिताने दाखवून ठेवले होते. अकरमन यांचे २२ टक्के आणि बेरियमचे एक ते सहा टक्के आठवतात? तिथे पाहण्याच्या रीतीने आकडा बदलला होता; इथे पाहण्यासाठी निवडलेली माणसेच वेगळी आहेत. या आक्षेपाचे पूर्ण उत्तर कधीच मिळणार नाही, कारण दुखणे नसलेल्या हजारो लोकांच्या पित्तनलिकेत नळी घालणे नीतीला धरून नाही. त्या तपासणीनेच स्वादुपिंडाला जीवघेणी सूज येऊ शकते.

म्हणून संशोधक दुसऱ्या बाजूने गेले : नाते खरे असेल तर त्याची यंत्रणा सापडली पाहिजे. ओस्लोच्याच मंडळींनी मुखावरच्या कड्याचे दाब मोजले, आणि पिशवी असलेल्यांत हे दार नीट काम करत नाही, आतड्यातले पाणी उलटे नलिकेत शिरू शकते, असा अर्थ लावला. सगळीकडची मापने त्यांच्याशी जुळली नाहीत, हेही सांगितले पाहिजे. १९८९ मध्ये व्हिगो स्कार आणि सहकाऱ्यांनी मुखाजवळचे जंतू आणि पित्तातले बीटा-ग्लुकुरोनिडेझ तपासले. म्हणजे माकी यांचे जपानी रसायन आणि लोटव्हाइट यांची नॉर्वेजियन पिशवी शेवटी एका परीक्षानळीत भेटली. चित्र असे उभे राहते : पिशवीत अन्न साचते, तिथे आतड्यातले जंतू पोसले जातात, शेजारचे दार सैल किंवा वाकडे, म्हणून ते नलिकेत चढतात, तिथे बिलिरुबिन सुटे होऊन साका बसतो, आणि भरलेली पिशवी नलिकेचे शेवटचे टोक दाबत असल्यामुळे तो साका वाहूनही जात नाही. जंतांचे काम पिशवीने केले, सावकाश आणि गुपचूप. यातला प्रत्येक दुवा सारखा मजबूत नाही. जंतूंचा दुवा मला सर्वांत भक्कम वाटतो, कारण निघणारे खडे त्याच जातीचे असतात. दाबाचा दुवा सर्वांत कच्चा.

आणि शोमेलच्या जुन्या शंकेचे काय? खडे आधी की पिशवी? इथे थोडी उलटतपासणी करता येते. खड्यांच्या रेट्याने पिशवी होत असती, तर पित्ताशयातून टणक खडे उतरणाऱ्या रोग्यांतही पिशव्या तितक्याच दिसायला हव्या होत्या. आणि खडे कधीच न झालेल्या माणसांत त्या अपवादाने सापडायला हव्या होत्या. पण पिशवी असलेल्या बहुसंख्य लोकांना जन्मभर खडा होत नाही. म्हणूनच वैद्यकात तिला ‘कारण’ न म्हणता ‘जोखमीचा घटक’ म्हणतात. हा शब्दच विसाव्या शतकाच्या मध्यानंतर रुळला, हृदयरोगाच्या अभ्यासांतून. शोमेल किंवा वाटर यांच्याकडे असा शब्द नव्हता. त्यांच्या भाषेत एक गोष्ट दुसरीचे कारण होती किंवा नव्हती.

प्रत्यक्ष उपचारात यातून काय निघाले? पिशवी कापून काढणे क्वचितच केले जाते. ती स्वादुपिंडात आणि नलिकेच्या तोंडाशी रुतलेली असल्याने तिला हात लावणे खड्यापेक्षा धोक्याचे ठरू शकते. सुरुवातीला पिशवीजवळचे कडे दुर्बिणीतून कापायलाही डॉक्टर घाबरत, भिंत फाटेल म्हणून; सरावाने ती भीती बरीच ओसरली. पण कडे कापून खडे काढल्यानंतरही, ज्यांना पिशवी आहे आणि ज्यांची नलिका फुगलेली आहे, त्यांच्यात खडे परत होण्याचे प्रमाण जास्त असते, हे पुढच्या पाठपुराव्यांत दिसले आहे.

आमच्या मावशीला दुसऱ्यांदा खडे झाले तेव्हा ती ७८ वर्षांची होती. या वेळी मी फाईल घेऊन सोबत गेलो आणि ती ओळ डॉक्टरांना दाखवली. त्यांनी मान डोलावली, पुन्हा दुर्बिणीने खडे काढले आणि दर सहा महिन्यांनी रक्त तपासून घ्यायला सांगितले. मावशीने विचारले, ‘पहिल्या डॉक्टरची चूक नव्हती तर?’ ते म्हणाले, ‘तुमच्या आतड्याला एक खिसा आहे, आजी. तो तुमच्याबरोबरच म्हातारा झालाय.’